वेल्सच्या ऐतिहासिक स्थलनावांची सूची : जुन्या नोंदी उतरवणाऱ्याच्या नजरेतून परीक्षण

वेल्समधल्या जुन्या कौटुंबिक नोंदी वाचून त्या संगणकावर उतरवणाऱ्याला आज जी साधने विनामूल्य मिळतात, त्यांत ‘वेल्सच्या ऐतिहासिक स्थलनावांची सूची’ या संकेतस्थळाला मी पहिले स्थान देते, आणि ते का देते हे सांगताना त्याच्या उणिवाही सांगणे भाग आहे. वेल्समधील प्राचीन आणि ऐतिहासिक वास्तूंची नोंद ठेवण्यासाठी १९०८ मध्ये स्थापन झालेल्या, सध्या ॲबरिस्टविथ येथे कार्यालय असलेल्या रॉयल कमिशनने ही सूची मे २०१७ मध्ये सर्वांसाठी खुली केली. अशी सूची ठेवावी, असे वेल्सच्या विधिमंडळाने ऐतिहासिक वारशाविषयी २०१६ मध्ये केलेल्या कायद्यातच म्हटले होते. सुरुवातीलाच तिच्यात साडेतीन लाखांहून अधिक नावे होती आणि पुढे त्यांत भर पडत गेली. संकेतस्थळ वेल्श आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत आहे, शुल्क काहीही नाही. रस्त्यांना किंवा घरांना नवी नावे देताना स्थानिक प्रशासनांनी जुन्या नावांचा विचार करावा, हा सूचीमागचा मुख्य हेतू. वंशावळीचे काम करणारे लोक हे तिचे दुय्यम वापरकर्ते म्हणावे लागतील, पण तिचा खरा उपयोग त्यांनाच अधिक होतो असे माझे मत आहे.

पुढे येणाऱ्या नावांविषयी आधी थोडे सांगितले पाहिजे. आजच्या वेल्श वर्णमालेत २९ अक्षरे असून त्यांतली आठ अक्षरे रोमन लिपीतल्या दोन चिन्हांची जोडी करून लिहितात. दोन एल मिळून होणारे अक्षर त्यांतले सर्वांत अवघड आहे. जीभ ‘ल’च्या जागी ठेवून कडेने नुसती हवा सोडली की तो ध्वनी निघतो, देवनागरीत त्याला चिन्ह नाही, म्हणून या लेखात ‘ल्ह’ वापरून भागवले आहे. एक एफ म्हणजे ‘व’ आणि दोन एफ म्हणजे ‘फ’. डब्ल्यू आणि वाय हे स्वर. के, क्यू, व्ही, एक्स आणि झेड ही अक्षरे आजच्या वर्णमालेत नाहीत. इंग्रजी शाळेत शिकलेल्या कारकुनाने ‘व’ ऐकला की व्ही लिहावा, ‘क’ ऐकला की कधी के लिहावा, आणि दोन एलचा ध्वनी ऐकला की जे सुचेल ते लिहावे, हे ओघानेच आले. एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक सरकारी नोंदी अशाच हातांनी लिहिल्या गेल्या आहेत.

गावाच्या किंवा शेताच्या नावाला इथे इतके महत्त्व का, हे वेल्श आडनावांकडे पाहिले की कळते. वेल्समध्ये पिढीजात आडनाव फार उशिरा रुजले. त्याआधी मुलाच्या नावापुढे ‘आप’ किंवा ‘आब’ हा ‘मुलगा’ या अर्थाचा शब्द आणि मग बापाचे नाव लावत. आप हवेलचा पॉवेल झाला, आप ऱ्हीसचा प्राइस झाला, आब ओवाइनचा बोवेन झाला. ‘आप’ गळून गेल्यावरही अनेक घरांत बापाचे पहिले नाव हेच मुलाचे शेवटचे नाव होत राहिले, आणि वायव्य वेल्समध्ये ही रीत एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली. बायबलमधली आणि इंग्रज राजांची मोजकीच नावे प्रचारात असल्यामुळे आडनावेही मोजकीच उरली: जोन्स, डेव्हिस, विल्यम्स, इव्हान्स, थॉमस, रॉबर्ट्स. एकाच पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीतल्या विभागात) एकाच वयाचे अनेक जॉन जोन्स असणे ही नित्याची गोष्ट असल्याने त्यांतला आपला कोण, हे बहुतेक वेळा शेताच्या नावावरूनच ठरवावे लागते. नोंद उतरवणाऱ्याने ‘जोन्स’ चुकीचा लिहिला तर पुढचा संशोधक ते लगेच ओळखतो, पण शेताचे नाव चुकले तर ते घराणेच त्याच्या हातातून निसटते.

अशा वेळी नवखा माणूस एखादी अधिकृत, प्रमाण नावांची यादी शोधू लागतो. वेल्श भाषा आयुक्तांच्या कार्यालयाने वस्त्यांच्या प्रमाण नावांची अशी यादी ठेवली आहे आणि ती तिच्या जागी उत्तम आहे. आजचा नामफलक कसा लिहावा, हे तिच्यात कळते. नोंद उतरवणाऱ्यापुढचा प्रश्न मात्र याच्या नेमका उलट असतो. बरोबर रूप काय हे त्याला नंतर हवे असते, त्याआधी समोर दिसणारे वेडेवाकडे रूप आणखी कुठे, कधी आणि कोणत्या जागेसाठी कोणी लिहिले आहे का, हे त्याला हवे असते. ऐतिहासिक सूचीचे मोल यातच आहे. ती नावे दुरुस्त करत नाही. एखाद्या नकाशावर किंवा दस्तऐवजात जे रूप जसे आढळले, तसे ते रूप स्रोतासह आणि नकाशावरच्या जागेसह तिच्यात दिलेले असते. ल्हानेल्ही या शहराचे नाव १९६६ पर्यंत अधिकृतपणे शेवटी वाय लावून लिहिले जाई, आज आय लावतात. काइरनार्वॉन शहराच्या नावात जुन्या इंग्रजी कागदांत व्ही असतो, कॉनुईचे कॉनवे होते आणि डॉल्गेल्हायचे डॉल्गेली. ही मोठी शहरे असल्याने कोणालाही ओळखता येतात. पण डोंगरउतारावरच्या दोन खोल्यांच्या घराचे नाव १८४५ च्या सुमाराच्या एखाद्या कारकुनाने जसे ऐकले तसे लिहिले असेल, तर त्याला जोड मिळण्याची शक्यता प्रमाण यादीत नसते, इथे असते.

सूचीतली सामग्री कुठून आली हे जाणून घेणे तिच्या वापरासाठी आवश्यक आहे, कारण प्रत्येक स्रोताचा कान वेगळा आहे. तिचा एक मोठा आधार म्हणजे दशमांश कराचे नकाशे. धान्य आणि जनावरांच्या रूपाने चर्चला द्यायचा दशमांश १८३६ च्या कायद्याने रोख रकमेत बदलला गेला, आणि त्यासाठी पॅरिशवार नकाशे आणि त्यांना जोडलेली पत्रके तयार झाली. वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात असे १,२०० हून अधिक नकाशे आहेत आणि पत्रकांची पाने ३०,००० च्या वर जातात. जमिनीचा मालक कोण, कसणारा कोण, तुकड्याचे नाव काय, तिथे नांगरट आहे की कुरण आणि किती कर लागतो, हे सारे त्यांत आहे. ‘कनेविन’ नावाच्या प्रकल्पात स्वयंसेवकांनी ही पत्रके घरबसल्या उतरवून काढली आणि नकाशे आजच्या भूगोलावर बसवले. तो सगळा संग्रह आता राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘वेल्समधली ठिकाणे’ या संकेतस्थळावर मोफत पाहता येतो, आणि मूळ पानाचे छायाचित्र उताऱ्याच्या शेजारीच उघडते. ही शेवटची सोय मला फार मोलाची वाटते, कारण उताऱ्यावर विश्वास ठेवावा की नाही हे ज्याचे त्याला तिथल्या तिथे ठरवता येते.

दुसरा आधार म्हणजे ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेचे मैलाला सहा इंच प्रमाणाचे जुने नकाशे. या नकाशांवरचा प्रत्येक शब्द उतरवण्याचे काम आधी वेल्सपुरते आणि नंतर ‘जीबी-१९००’ या नावाने संपूर्ण ब्रिटनसाठी स्वयंसेवकांनी केले, आणि त्यातून सुमारे पंचवीस लाख नोंदींचा साठा तयार झाला. एका स्वयंसेवकाने वाचलेले नाव दुसऱ्याने स्वतंत्रपणे तसेच वाचले तरच ते पक्के धरायचे, हा त्यातला नियम साधा असूनही परिणामकारक ठरला. तिसरा आधार सर्वांत विद्वत्तापूर्ण आहे. प्राध्यापक मेल्विल रिचर्ड्स (१९१०–१९७३) यांनी आयुष्यभर जमवलेल्या स्थलनावांच्या तीन लाखांहून अधिक चिठ्ठ्या बँगोर विद्यापीठात आहेत. मध्ययुगीन सनदांपासून पुढच्या काळापर्यंतची रूपे त्यांत एकेका नावाखाली तारखेसह मांडलेली आहेत. सर्वेक्षकाने ऐकलेले, कर आकारणाऱ्याने लिहिलेले आणि विद्वानाने सनदांतून वेचलेले अशी तीन प्रकारची रूपे एकाच ठिकाणी शोधता यावीत, ही सोय या कामात पूर्वी कधीच नव्हती.

आता अडचणींकडे. पहिली अडचण सूचीची नाही, वेल्श भाषेची आहे, पण सूची ती सोडवूही शकत नाही. आपल्याकडे विभक्ती लागताना सातारा ‘साताऱ्याला’ होतो आणि पुणे ‘पुण्यात’ होते, म्हणजे शब्दाचा शेवट बदलतो आणि सुरुवात शाबूत राहते. वेल्शमध्ये सुरुवातच बदलते. पेनमाख्नो या गावात राहणारा माणूस ‘अम म्हेनमाख्नो’ राहतो, तिथून येणारा ‘ओ बेनमाख्नो’ येतो, आणि दुसऱ्या गावाच्या नावानंतर ‘आणि’ जोडून तेच गाव आले तर ते ‘फेनमाख्नो’ होते. एकच गाव पी, बी, एम आणि पुन्हा पीएच या अक्षरांखाली विखुरले जाते, आणि वर्णानुक्रमाने लावलेल्या कोणत्याही निर्देशसूचीत ते चार गावे म्हणून वावरू शकते. काउंट्यांची, म्हणजे जिल्ह्यांसारख्या विभागांची, नावेही यातून सुटलेली नाहीत. काइरवर्दिनची (इंग्रजीत कार्मार्थन) काउंटी ‘सीर गाइरवर्दिन’ होते, पेनवरोची (इंग्रजीत पेम्ब्रुक) ‘सीर बेनवरो’, आणि मोन बेटाची (इंग्रजीत अँगलसी) ‘सीर वोन’.

हा प्रश्न इंग्रजीत लिहिलेल्या जनगणनेच्या पुस्तकांत कमी येतो, कारण घरोघरी वेल्श तक्ते भरले गेले तरी प्रगणकाने आपल्या पुस्तकात मजकूर इंग्रजीत उतरवायचा असे. १९११ च्या जनगणनेपासून मात्र कुटुंबप्रमुखाने स्वतः भरलेले मूळ तक्ते जपलेले आहेत, त्यांतले पुष्कळ वेल्शमध्ये आहेत, आणि तिथे ही बदललेली रूपे सर्रास भेटतात. चॅपेलांच्या (प्रस्थापित चर्चबाहेरच्या पंथांच्या प्रार्थनागृहांच्या) नोंदवह्या आणि थडग्यांवरचे लेख यांचीही तीच गत आहे. थडग्यावर ‘ओर प्लुइव हून’, म्हणजे ‘याच पॅरिशचा’, असे लिहून गावाचे नावच गाळलेले असते, आणि महिन्यांमध्ये ‘मेदी’ (सप्टेंबर) आणि ‘मेहेविन’ (जून) हे झिजलेल्या दगडावर एकमेकांसारखे दिसू शकतात. सूची वापरताना यावर एकच उपाय आहे. नाव सापडले नाही तर त्याचे पहिले अक्षर मनातल्या मनात मूळपदावर आणून पुन्हा शोधायचे. बी आणि पीएच असेल तर पी, जी असेल तर सी, सुरुवातीचे व्यंजनच गळालेले वाटत असेल तर जी, एफ असेल तर बी किंवा एम, दोन डी असतील तर एक डी. ही छोटी उजळणी पाठ करायला एक संध्याकाळ पुरते, आणि मग सूचीची उपयुक्तता एकदम वाढते.

दुसरी अडचण म्हणजे पुनरावृत्ती. ‘ल्हान’ म्हणजे चर्चभोवतीची कुंपण घातलेली जागा, आणि तिच्यापुढे संताचे नाव येते. मेरीचे ‘ल्हानवाइर’, मायकेलचे ‘ल्हानविहांगेल’, पीटरचे ‘ल्हानबेदर’. मेरी आणि मायकेल यांची चर्चे इतकी आहेत की नदी, दरी किंवा जुन्या परगण्याचे नाव जोडल्याशिवाय यांतले कुठलेच गाव ओळखू येत नाही, आणि प्रगणकाने नेमके तेवढेच गाळलेले असते. लांबलचक नावासाठी प्रसिद्ध झालेले मोन बेटावरचे ल्हानवाइर हे यांपैकीच एक. त्याचे ते ५८ अक्षरी रूप एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रवाशांचे लक्ष वेधण्यासाठी रचलेले आहे, जुन्या नोंदींत ते शोधत बसू नये. शेतांच्या बाबतीत पुनरावृत्ती आणखी वाढते. ‘टी नेविद’ (नवे घर), ‘पेन-अ-ब्रिन’ (टेकडीचा माथा), ‘हेन्द्रे’ (हिवाळ्यातले घर) आणि ‘हावोद’ (उन्हाळी कुरणावरचे घर) ही नावे जवळपास प्रत्येक पॅरिशमध्ये आहेत. सूचीत नुसते असे नाव टाकले तर उत्तरांचा ढीग समोर येतो. म्हणून आधी नकाशावर पॅरिश गाठावा, त्या परिसरातली सगळी नावे वाचावीत, आणि जनगणनेच्या पानावर आपल्या घराच्या आधी आणि नंतर आलेल्या घरांची नावे त्यांच्याशी ताडून पाहावीत. प्रगणक पायी फिरत असे, त्यामुळे पानावरचे शेजारी नकाशावरही बहुधा शेजारीच असतात. जी घरे ओळखता येतात त्यांच्यामधून त्याची वाट आखली की न ओळखता आलेले घर त्या वाटेवरच कुठेतरी असते. मला या सगळ्या कामात आनंद देणारा भाग हाच वाटतो, आणि सूचीचा नकाशा त्यासाठी पुरेसा तपशीलवार आहे.

तिसरी अडचण सर्वांत फसवी आहे, कारण तिच्यात अक्षर चुकलेले नसते. वेल्समधल्या अनेक गावांना वेल्श आणि इंग्रजी अशी दोन नावे आहेत आणि त्यांचा एकमेकांशी ध्वनीचा संबंध नसतो. स्वान्सी म्हणजे आबरतावे, हॉलीहेड म्हणजे काइरगबी, आणि एका खाणावळीवरून इंग्रजी नाव पडलेले माउंटन ॲश म्हणजे आबरपेनार. हे पाठ करता येते. पण ‘न्यूपोर्ट’ मन्मथशरमध्ये असेल तर त्याचे वेल्श नाव कास्नेविद आणि पेम्ब्रुकशरमध्ये असेल तर ट्रेवड्राइथ, आणि ट्रेवड्राइथ नावाचे आणखी एक गाव मोन बेटावर आहे. ‘ल्हानसावेल’ नावाचे एक गाव कार्मार्थनशरमध्ये आहे, आणि ग्लामॉर्गनमधल्या ब्रिटन फेरीचे वेल्श नावही तेच आहे. ‘डिन्बिख’ म्हणजे उत्तरेतले डेन्बी, त्यालाच ‘माशांचे’ या अर्थाचा शब्द जोडला की ते नैर्ऋत्य किनाऱ्यावरचे टेन्बी होते. एका सशुल्क संकेतस्थळाच्या निर्देशसूचीत पेम्ब्रुकशरमधल्या न्यूपोर्टची माणसे सरसकट मन्मथशरच्या न्यूपोर्टला जोडलेली मला आढळली. मूळ पानावर काउंटीचे नाव स्वच्छ लिहिलेले होते, म्हणजे वाचनाची चूक नव्हती. यादीतून गाव निवडताना वरचे पहिले नाव निवडले गेले असावे. ऐतिहासिक सूची इथे मदत करते ती एवढीच की त्या नावाच्या सगळ्या जागा नकाशावर एकदम दिसतात आणि निवड डोळसपणे करावी लागते.

म्हणूनच उतरवणे आणि ओळखणे ही दोन कामे वेगळी ठेवणारी व्यवस्था मला योग्य वाटते. ‘फ्री यूके जिनिऑलॉजी’ या धर्मादाय संस्थेचे तीन प्रकल्प आहेत: १८३७ पासूनच्या जन्म, विवाह आणि मृत्यूंच्या निर्देशसूचींसाठी १९९८ मध्ये सुरू झालेला फ्रीबीएमडी, पॅरिशच्या नोंदवह्यांसाठी फ्रीरेग आणि जनगणनेसाठी फ्रीसेन. ‘जसे दिसते तसे लिहा’ हा त्यांचा मूळ दंडक आहे. एखादे अक्षर लागत नसेल तर त्या जागी अंडरस्कोर, अनेक अक्षरे लागत नसतील तर तारांकन, आणि दोनांपैकी एक असावे असे वाटत असेल तर दोन्ही चौकटी कंसात द्यायची, अशी तिथे सोय आहे. फ्रीसेनमध्ये जन्मगावासाठी दोन रकाने ठेवलेले आहेत. एकात कागदावरचे रूप जसेच्या तसे आणि दुसऱ्यात, गाव ओळखता आले तर, त्याचे मान्य नाव. पहिल्या रकान्यात आपल्या ज्ञानाचा वापर करायचा नाही आणि दुसऱ्यात अज्ञान लपवायचे नाही, ही शिस्त पाळली तर वेल्श नोंदी निम्म्या सुरक्षित होतात. ऐतिहासिक सूची दुसऱ्या रकान्यासाठी उघडायची, पहिला भरून झाल्यावर. हा क्रम उलटला की डोळ्यांना सूचीतले नाव कागदावर दिसू लागते. जुन्या हस्ताक्षरात मोठ्या एफऐवजी दोन छोटे एफ लिहिण्याची इंग्रजी सवय होती, आणि वेल्शमध्ये तर दोन एफ हे स्वतंत्र अक्षरच आहे. कागदावर काय आहे आणि त्याचा अर्थ काय, हे वेगळे ठेवण्याची गरज पटवायला एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

सूचीच्या उणिवा आता सांगते. तिचा मोठा भाग नकाशांतून आलेला आहे, त्यामुळे नकाशावर ज्याला जागा मिळाली नाही ते तिच्यात येण्याची शक्यता कमी. कोळशाच्या खाणींमुळे दक्षिणेतल्या दऱ्यांत घरांच्या रांगा झपाट्याने उभ्या राहिल्या. त्या रांगांची आणि गल्ल्यांची नावे शोधायला सूची फारशी कामाची नाही, त्यासाठी राष्ट्रीय ग्रंथालयाचा १९१९ पर्यंतच्या वेल्श वृत्तपत्रांचा मोफत संग्रह अधिक उपयोगी पडतो. एकाच शेताचे नाव वेगवेगळ्या स्रोतांतून आल्यामुळे ते अनेकदा वेगवेगळी नोंद म्हणून दिसते, आणि ही सगळी रूपे एकाच दाराची आहेत की शेजारच्या दोन दारांची, हा निर्णय वापरणाऱ्यावर पडतो. मला ही तक्रार वाटत नाही, कारण घाईने केलेली जुळणी नंतर सोडवता येत नाही, पण नवख्याचा गोंधळ होतो हे खरे. नावांचे अर्थ सूची सांगत नाही. अर्थांविषयी हौशी लोकांनी रचलेल्या कथा वेल्समध्येही भरपूर असल्यामुळे हा संयम मला आवडला.

प्रशासकीय सीमांचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याची पूर्वतयारी वापरणाऱ्यालाच करावी लागते. जुन्या नोंदी तेरा ऐतिहासिक काउंट्यांत विचार करतात. १९७४ मध्ये त्यांच्या जागी आठ काउंट्या आल्या आणि १९९६ मध्ये बावीस स्थानिक प्रशासने. शिवाय जन्म-मृत्यू नोंदणीचे जिल्हे काउंट्यांच्या सीमा जुमानत नसत. न्यूकासल एमलिन या जिल्ह्यात कार्मार्थनशर, कार्डिगनशर आणि पेम्ब्रुकशर या तिन्ही काउंट्यांचे पॅरिश होते, आणि मखन्ल्हेथचा जिल्हा माँटगोमेरीशर, मेरिओनिद आणि कार्डिगनशर या तीन काउंट्यांना शिवत होता. निर्देशसूचीत ‘न्यूकासल एमलिन’ दिसले म्हणून माणूस त्या गावचा, असे समजणे धोक्याचे आहे. काही नावे तर प्रशासनाबरोबरच विरून गेली. ऱ्हॉन्डा खोरे ज्या पॅरिशमध्ये होते त्याचे नाव अस्त्रादवॉडुग, आणि तिथल्या नागरी जिल्ह्याला ऱ्हॉन्डा हे नाव १८९७ मध्ये मिळाले. त्याआधीच्या कागदांत ते जुने नाव इतक्या तऱ्हांनी लिहिलेले सापडते की ते एकदा नीट ओळखून ठेवणे हाच उपाय.

एक गमतीचा भाग राहिला. एकोणिसाव्या शतकात प्रस्थापित चर्चबाहेरच्या पंथांची चॅपेले गावोगाव उभी राहिली, त्यांना बायबलमधली नावे मिळाली, आणि चॅपेलाभोवती वस्ती वाढली तिलाही तेच नाव चिकटले. त्यामुळे जन्मगावाच्या रकान्यात बेथेस्दा, हेब्रॉन, नेबो, कार्मेल, नासरेथ अशी नावे येतात आणि परक्या माणसाला कोणीतरी थट्टा केली असे वाटते. कार्मार्थनशरमध्ये बेथलेहेम आहे आणि नाताळच्या पत्रांवर तिथला टपाल-शिक्का मिळावा म्हणून लोक मुद्दाम तिथे येत असत. नेबो आणि कार्मेल तर वेगवेगळ्या काउंट्यांत अनेक आहेत. अशा नावांसाठी सूची वापरताना काळ पाहणे महत्त्वाचे आहे. दशमांशाच्या नकाशावर नसलेली वस्ती सहा इंची नकाशावर उगवलेली दिसली, तर त्या गावात १८१० मध्ये जन्मल्याचे सांगणारा माणूस बहुधा नंतर रूढ झालेल्या नावाने आपली जागा सांगत असतो. त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद जुन्या पॅरिशच्या नावाखाली शोधावी, किंवा तो चॅपेलवाला असेल तर १८३७ नंतर सरकारजमा झालेल्या आणि आता लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात असलेल्या चॅपेल-वह्यांत पाहावे.

या सूचीच्या जोडीला आणखी दोनच गोष्टी मी हाताशी ठेवते. ‘जेनुकी’ या स्वयंसेवकांनी चालवलेल्या संकेतस्थळावर वेल्सच्या प्रत्येक काउंटीची पॅरिशवार पाने आहेत. ती दिसायला जुनाट वाटतात, पण पॅरिशचा शेजार समजून घ्यायला त्यांच्याइतके सोयीचे काही नाही. दुसरी म्हणजे राष्ट्रीय ग्रंथालयाने मोफत खुली केलेली १८५८ पूर्वीची १,९०,००० हून अधिक मृत्युपत्रे. मृत्युपत्रात माणसाच्या नावापाठोपाठ शेत आणि पॅरिश येतात आणि पुष्कळदा शेजाऱ्यांची नावे साक्षीदार म्हणून येतात, त्यामुळे सूचीत सापडलेली जागा पडताळून पाहायला ती कामी येतात.

फ्रीसेनचे काम घरी बसून करता येते, म्हणून कार्डिफ किंवा स्वान्सीत राहणाऱ्या मराठी माणसाला जसे ते करता येईल, तसे पुण्यात बसूनही करता येईल. वेल्श येत नसल्याने काम अडत नाही, पण कोणत्या काउंटीने सुरुवात करावी हे विचारपूर्वक ठरवावे. रॅडनरशर आणि पेम्ब्रुकशरचा दक्षिण भाग यांवर इंग्रजीचा प्रभाव फार पूर्वीपासून असल्याने तिथल्या नावांशी हात बसवायला बरे पडते. कार्डिगनशर, मेरिओनिद आणि मोन बेट यांच्याकडे मूळ अक्षर ओळखण्याची वर सांगितलेली उजळणी तोंडपाठ झाल्यावर आणि दशमांशाचा एखादा नकाशा सूचीशेजारी उघडून वाचायची सवय झाल्यावर वळावे.